विद्यार्थ्यांच्या मनाची नाडी : यंत्राचे अनुमान आणि वैद्याचे कर्तव्य

फेब्रुवारी उजाडला की गोंदिया जिल्ह्यातील दवाखान्यांत एक ठरावीक रुग्णवर्ग दिसू लागतो. वय पंधरा ते एकवीस, हातात वही, सोबत आई किंवा वसतिगृहातील मैत्रीण. तक्रारी नेहमीच्याच असतात : छातीत जळजळ, डोके ठणकणे, शौचास साफ न होणे, पाळी पुढे-मागे होणे, केस गळणे. 'जीव घाबरते' हे आपल्या झाडीपट्टीतील शब्द तर हमखास कानी पडतात. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, अविपत्तिकर चूर्ण किंवा सूतशेखर देतो, तिखट-आंबट वर्ज्य करण्यास सांगतो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतो.

अशीच एक विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका महिन्यात तीनदा आली. तिन्ही वेळा आम्ही आम्लपित्ताची चिकित्सा केली. चौथ्या वेळी तिच्या ऐवजी तिची आई आली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोरगी रात्रभर खिडकीजवळ बसून राहते. मेसचा डबा तसाच परत जाते." तेव्हा कुठे आम्ही त्या मुलीला बोलावून पहिल्यांदा विचारले, की झोप किती, जेवण किती, मनात काय चालले आहे. तिने जे सांगितले ते ऐकून आम्ही तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले. आज ती मुलगी सुखरूप आहे. परंतु तीन वेळा समोर बसलेल्या रुग्णाचे पित्त आम्हाला दिसले आणि मन दिसले नाही, ही रुखरुख अद्याप गेलेली नाही.

हा प्रसंग येथे नमूद करण्याचे कारण असे, की आमच्याकडून जे राहून गेले तेच काम यंत्राकडून करवून घेण्याचा प्रयत्न आज देशोदेशीचे विद्यार्थी करीत आहेत. विद्यार्थ्यांवरील मानसिक ताण वेळेवर ओळखणारे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे साधन घडविणे हा आता अभियांत्रिकीच्या मुलांचा आवडता प्रकल्पविषय झाला आहे. वैद्यवर्गाचा याच्याशी काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमच्या मते संबंध फार जवळचा आहे, आणि प्रस्तुत लेखात तोच उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. हे आकडे केवळ शेवटच्या टोकाचे होत. त्या टोकापर्यंत न पोहोचलेली, परंतु रात्र रात्र जागणारी, अन्न गोड न लागणारी मुले किती असतील याची गणतीच नाही.

आपल्या व्यवसायाशीही हा प्रश्न निगडित आहे. बी.ए.एम.एस.चा प्रवेश आता नीट परीक्षेच्या गुणांवरच होतो. २०२४ साली या परीक्षेसाठी २४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली याच रांगेत उभी आहेत. आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगाव येथील मुले नागपूरला खोली करून शिकवणी लावतात. घरची धानाची शेती, त्यावरचे कर्ज आणि 'आपला पोरगा डॉक्टर होणार' हे गावात सांगून झालेले वाक्य, इतके ओझे त्या खोलीत त्यांच्यासोबत राहते.

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी

या क्षेत्रातील ज्या प्रयत्नाचा दाखला आजही दिला जातो, तो अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील होय. २०१३ च्या वसंत सत्रात प्राध्यापक अँड्र्यू कॅम्पबेल आणि त्यांचे तत्कालीन संशोधक विद्यार्थी रुई वांग यांच्या चमूने ४८ विद्यार्थ्यांच्या मोबाईलमध्ये एक प्रणाली बसविली व दहा आठवडे ती चालू ठेवली. विद्यार्थी केव्हा झोपला, किती चालला-फिरला, दिवसभरात किती वेळ कोणाशी बोलला, एवढ्या गोष्टी मोबाईल आपोआप टिपत असे. मधूनमधून तो विद्यार्थ्याला मनःस्थितीविषयी एखाद-दुसरा प्रश्नही विचारी.

सत्राच्या आरंभी मुले ताजीतवानी होती, भरपूर बोलत होती, नीट झोपत होती. परीक्षा व गृहपाठ जसजसे जवळ आले तसतसा ताण वाढला आणि झोप, संभाषण व हालचाल ही तिन्ही कमी होत गेली. यात नवे ते काय, असे कोणीही वैद्य म्हणेल. निद्रा, आहार आणि विहार बिघडले म्हणजे मन बिघडले, हे आपण जाणतोच. नवे इतकेच, की हा बिघाड दिवसागणिक मोजला गेला आणि तोही विद्यार्थ्याने तक्रार करण्यापूर्वी.

आपल्या देशातही हा विषय विद्यार्थ्यांपुढे आला आहे. २०२५ च्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या राष्ट्रीय स्पर्धेत, उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्य व आधाराची डिजिटल व्यवस्था उभारणे हा एक विषय ठेवण्यात आला होता. या स्पर्धेत सहा जणांचा चमू असतो व त्यात किमान एक विद्यार्थिनी असावी लागते. ज्यांच्यावर ताण आहे तीच मुले ताण ओळखण्याचे साधन बनविण्यास बसली आहेत, हे चित्र हृद्य आहे आणि अंतर्मुख करणारेही.

यंत्र ताण कसा ओळखते ?

ताणाच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ १९३६ साली हान्स सेली यांच्या संशोधनाने झाला. कारण कोणतेही असो, शरीर एका ठराविक पद्धतीने प्रतिसाद देते, हे त्यांनी मांडले. हृदयाची गती वाढते, स्वेद येतो, पचन मंदावते. यंत्र हीच बाह्य चिन्हे वेचते.

मनगटी घड्याळाच्या पाठीमागे हिरवा प्रकाश लुकलुकतो. त्या प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेखालील रक्ताची प्रत्येक लहर टिपली जाते. दोन ठोक्यांमधील अंतर निरोगी, स्वस्थ माणसातही सतत किंचित कमी-अधिक होत असते. ताणाखाली हे लवचीक चढउतार बहुधा कमी होतात. दुसरे चिन्ह त्वचेतील स्वेदाचे. घाम आला की त्वचेतून विजेचे वहन वाढते. याखेरीज आवाजाची पट्टी, चेहऱ्यावरील भाव, मोबाईलवर टंकलेले शब्द, रात्री मोबाईल कितीदा उघडला याची नोंद, हेही घेतले जाते.

परंतु ही चिन्हे म्हणजेच ताण, हे यंत्राला कोणी शिकवावयाचे ? त्यासाठी प्रश्नावली लागते. शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांनी १९८३ साली सिद्ध केलेली ताणमापन प्रश्नावली यासाठी सर्रास वापरतात. तिच्या प्रचलित रूपात दहा प्रश्न असून गेल्या महिन्याभराच्या अनुभवाविषयी प्रत्येकास ० ते ४ गुण देत एकूण ४० पैकी गुण काढले जातात. शेकडो मुलांची उत्तरे आणि त्याच मुलांची शारीरिक चिन्हे संगणकापुढे ठेवली, की कोणत्या चिन्हसमूहाबरोबर कोणते उत्तर येते याचा मेळ तो स्वतः शोधतो. हीच त्याची 'बुद्धिमत्ता' होय. ताण म्हणजे काय हे त्याला कळत नाही. कशाबरोबर काय आढळते एवढेच कळते.

चरकाचार्यांचे अनुमान

येथे आपल्या शास्त्राचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील चौथ्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान ही रोगज्ञानाची तीन साधने सांगितली आहेत. इंद्रियांना जे दिसत नाही ते अनुमानाने कसे जाणावे याची एक विस्तृत यादीच तेथे आहे. अग्नी पचविण्याच्या शक्तीवरून, बल व्यायामशक्तीवरून, शोक दैन्यावरून, भय विषादावरून, क्रोध दुसऱ्याविषयीच्या द्रोहबुद्धीवरून जाणावा, असे आचार्य सांगतात. आतील भाव बाहेरील लिंगावरून ओळखणे, हे जे काम आज सहा विद्यार्थी आणि एक संगणक करू पाहत आहेत, त्याची रूपरेषा आपल्याकडे अशी शास्त्रबद्ध आहे.

मन आणि जठराग्नी यांचा संबंधही आपल्याला नवा नाही. त्याच स्थानातील दुसऱ्या अध्यायात, हितकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळे ते पचत नाही, असे सांगितले आहे. रसवह स्रोतसांच्या दुष्टिहेतूंत अतिचिंतनाचा उल्लेख आहे. म्हणजे परीक्षेच्या दिवसांत दवाखान्यात येणारे आम्लपित्त अनेकदा मनाचा निरोप घेऊन आलेले असते. निरोप वाचावयाचा सोडून आपण निरोप्यालाच औषध पाजतो, अशी आमची गत त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत झाली होती.

यंत्राने नाडी वाचण्याचा प्रयत्नही महाराष्ट्राला नवखा नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व मुंबईची आय.आय.टी. येथील अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहसंशोधकांनी २००७ साली 'नाडी तरंगिणी' या प्रणालीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. वात, पित्त व कफ यांच्या स्थानी तीन दाबसंवेदक ठेवून नाडीच्या लहरी संगणकात उतरविणारी ही प्रणाली होय. जोशी हेही तेव्हा संशोधन करणारे विद्यार्थीच होते. तेव्हा 'यंत्राला नाडी काय कळणार' असे म्हणून हा विषय झटकून टाकणे आपल्याला शोभणारे नाही. त्याच वेळी यंत्राच्या अनुमानाच्या मर्यादा सांगण्याचा अधिकारही, रोज अनुमान करणारे म्हणून, आपल्यालाच अधिक आहे.

अनुमान कोठे चुकते ?

पहिली मर्यादा शिकवणीची. २०१८ साली जर्मनीतील संशोधकांनी मनगटी व छातीवरील उपकरणांच्या नोंदींचा एक संच सर्वांसाठी खुला केला. ताण ओळखणाऱ्या असंख्य विद्यार्थी-प्रकल्पांचा तो आधार आहे. त्यातील व्यक्ती अवघ्या १५. त्यांना ताण यावा म्हणून परीक्षकांपुढे भाषण करावयास लावले आणि मोठ्या संख्येतून १७-१७ वजा करीत मोठ्याने मोजावयास सांगितले. काही मिनिटांचा हा ताण आणि नीट दुसऱ्यांदा देणाऱ्या मुलाचा वर्षभराचा ताण, ही एकच गोष्ट नव्हे. एक आशुकारी, दुसरा चिरकारी. चिकित्सेत आपण हा भेद मानतो. यंत्राला तो मुद्दाम शिकवावा लागतो.

दुसरी मर्यादा देश व काल यांची. नीट परीक्षा सहसा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. त्या सुमारास गोंदियात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात सायकलवरून आलेल्या मुलाच्या तळहाताचा घाम पाहून थंड प्रदेशात शिकलेले यंत्र त्याला तणावग्रस्त ठरवील. ज्वर, पांडुरोग, चहा-कॉफीचे आधिक्य, मैदानावरून धावत येणे, या सर्वांनी नाडी चढते. देश, काल, वय, प्रकृती व सात्म्य यांचा विचार न करता केवळ लिंगावरून निर्णय करणारा वैद्य जसा फसतो, तसेच हे यंत्र फसते.

तिसरी मर्यादा भाषेची. आपल्या जिल्ह्यात मराठीसोबत पोवारी, गोंडी, हलबी, छत्तीसगढी व हिंदी बोलली जाते. इंग्रजी प्रश्नावलीचे पुस्तकी मराठीत भाषांतर केले, तरी देवरी-सालेकसा भागातील आश्रमशाळेतल्या मुलीला 'तुम्हास अस्वस्थता जाणवली काय' हा प्रश्न परका वाटेल. ती 'जीव घाबरते', 'मन लागत नाही' असे म्हणते, किंवा काहीच न म्हणता पोट दुखते असे सांगते. शिवाय जिच्यापाशी स्वतःचा मोबाईल नाही, मनगटी घड्याळ नाही, तिची नोंद या यंत्रात होणारच नाही. ज्यांना मदतीची गरज अधिक तीच मुले मोजणीतून गळण्याचा धोका येथे आहे.

चौथी मर्यादा गणिताची असून ती सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. समजा, एका महाविद्यालयात १,००० विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी ५० जणांना खरोखर तीव्र ताण आहे. यंत्र शंभरात ऐंशी वेळा अचूक ठरते, तणावग्रस्तांच्या बाबतीतही व स्वस्थांच्या बाबतीतही, असे धरू. मग ५० पैकी ४० मुले ते ओळखील आणि १० सोडून देईल. उरलेल्या ९५० स्वस्थ मुलांपैकी १९० जणांना मात्र ते विनाकारण तणावग्रस्त म्हणेल. एकूण २३० नावांची यादी प्राचार्यांच्या टेबलावर येईल आणि तिच्यातील दर सहा नावांमागे सुमारे पाच नावे चुकीची असतील. 'ऐंशी टक्के अचूक' या शब्दांमागे हे दडलेले असते. ती यादी सूचनाफलकावर लागली, वर्गशिक्षकांनी घरी दूरध्वनी केले, गावात बोलवा झाला, तर ज्यांना ताण नव्हता त्यांनाही तो दिल्यासारखे होईल.

गुप्ततेचा प्रश्न

रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्म आहे. विद्यार्थ्याच्या झोपेची, बोलण्याची, नाडीची नोंद ठेवणाऱ्या यंत्रासही तोच धर्म लागू व्हावयास हवा. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून शिक्षणसंस्थांत व कामाच्या ठिकाणी चेहरा, आवाज, नाडी आदी शारीरिक चिन्हांवरून भावना ओळखणाऱ्या प्रणाली निषिद्ध ठरविल्या आहेत. केवळ वैद्यकीय व सुरक्षेच्या कारणांचा अपवाद ठेवला आहे. आपल्या देशात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, तिची माहिती घेण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते आणि काही अपवाद वगळता बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अकरावी-बारावीची मुले या व्याख्येत येतात, हे साधन घडविणाऱ्या विद्यार्थ्यांनी आरंभीच ध्यानी घ्यावयास हवे.

घंटा वाजल्यावर कोण धावणार ?

आमच्या मते संपूर्ण विषयाचा गाभा येथे आहे. यंत्राने रात्री दोन वाजता खूण दिली की अमुक मुलाची अवस्था बरी नाही. त्या वेळी त्या मुलाशी बोलणार कोण ? ज्या घंटेला कोणी धावून येत नाही ती घंटा टांगण्यात अर्थ नाही. उलट, 'माझी अवस्था कळूनही कोणी आले नाही' ही जाणीव मुलाला अधिक एकाकी करील.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, मदतीचे दूरध्वनी क्रमांक वर्गांत व वसतिगृहांत ठळक लावावेत, असे त्यांत आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य, मराठीसह अनेक भाषांत मिळते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

तथापि चिचगडच्या मुलासाठी गोंदिया दूर आहे आणि मानसोपचारतज्ज्ञाचे नाव घेताच घरात 'पोरगा काय वेडा झाला ?' असा प्रश्न उठतो. त्याच मुलाला पोट दुखते म्हणून गावच्या वैद्याकडे नेण्यास मात्र कोणी संकोचत नाही. औषधी दुकानात तो स्वतःच जातो. म्हणून यंत्र आणि तज्ज्ञ यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, तेथे आपण उभे आहोत.

वैद्यांनी व औषधी विक्रेत्यांनी काय करावे ?

विद्यार्थी रुग्णाची परीक्षा करताना सत्त्वपरीक्षा वगळू नये. दशविध परीक्ष्य भावांत ती आहेच. व्यवहारात ती वेळेअभावी गळते. आम्ही त्या प्रसंगानंतर पाच प्रश्न ठरवून घेतले : झोप किती वाजता लागते व किती वाजता मोडते ? जेवण पूर्वीइतके जाते काय ? मित्रमैत्रिणींशी बोलणे कमी झाले काय ? पूर्वी आवडणारी गोष्ट आजही आवडते काय ? आणि जगणे नकोसे वाटते असे कधी मनात येते काय ? हे प्रश्न सोबतच्या पालकाला क्षणभर बाहेर बसवून विचारावेत. शेवटचा प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. विचारल्याने बहुधा रुग्णाचे ओझे हलके होते.

उत्तर होकारार्थी आले तर त्या मुलाला एकटे सोडू नये. पालकांना विश्वासात घ्यावे, दवाखान्यातूनच १४४१६ वर संपर्क करून द्यावा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. येथे केवळ मेध्य रसायनांवर विसंबणे हा अपराध ठरेल. सत्त्वावजय ही आपल्या शास्त्रातील त्रिविध चिकित्सेपैकी एक आहे. तज्ज्ञाकडे वेळेवर पाठविणे हाही आम्ही त्याच चिकित्सेचा भाग मानतो.

औषधी विक्रेते बंधूंसही काही विनंती आहे. परीक्षेच्या दिवसांत 'स्मरणशक्तीचे काहीतरी द्या' म्हणून येणारा ग्राहक मोठा असतो. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांची विक्री करताना दोन शब्द विचारावेत. हैदराबाद येथे झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६४ व्यक्तींवर साठ दिवस अश्वगंधा मूलाच्या अर्काचा प्रयोग झाला आणि ताणाचे गुण व रक्तातील कॉर्टिसोल कमी झाल्याचे आढळले. हे आशादायक आहे. परंतु ते रुग्ण प्रौढ होते, संख्या लहान होती आणि कालावधी मर्यादित. दुसरीकडे अश्वगंधेच्या पूरक गोळ्यांमुळे यकृतास इजा झाल्याच्या दुर्मिळ नोंदीही गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झाल्या आहेत. थायरॉईडची वा झोपेची औषधे घेणाऱ्यास ती वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये. एकच विद्यार्थी वारंवार डोकेदुखीच्या गोळ्या नेत असेल, जागे राहण्यासाठी अथवा झोपेसाठी औषध मागत असेल, तर ती विक्री नसून खूण आहे असे समजावे. दुकानाच्या दर्शनी भागी १४४१६ हा क्रमांक लावण्यास कागदाचा एक कपटा पुरतो.

असा चमू आपल्या दारी आला तर

उद्या आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाचा चमू अशा प्रकल्पासाठी आपल्याकडे माहिती विचारण्यास आला, तर त्याला परत पाठवू नये. त्याला सांगण्यासारखे आपल्यापाशी पुष्कळ आहे. ताणाचे रुग्ण कोणत्या तक्रारी घेऊन येतात, कोणते शब्द वापरतात, कोणत्या ऋतूत कोणती चिन्हे आपोआपच वाढतात, हे त्याला पाश्चात्त्य नोंदसंचांतून मिळणार नाही. पोवारी-गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडचे शब्द प्रश्नावलीत यावेत, नोंद देणे ऐच्छिक असावे, निकाल प्रथम त्या विद्यार्थ्यालाच दिसावा, नावांची यादी कोणाच्याही हाती पडू नये आणि खूण मिळाल्यावर बोलणारे माणूस आधी नेमले जावे, एवढ्या गोष्टींचा आपण आग्रह धरावा. आणि त्या मुलांनाही जाता जाता विचारावे, की बाळांनो, तुम्ही स्वतः नीट झोपता ना ? हॅकेथॉनची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते !

विमानस्थानाच्या त्याच चौथ्या अध्यायाच्या शेवटी आचार्यांनी म्हटले आहे, की जो वैद्य ज्ञानबुद्धीचा दीप घेऊन रुग्णाच्या अंतरात्म्यात प्रवेश करीत नाही, तो रोगांची चिकित्सा करू शकत नाही. यंत्र फार तर अंधारात दार कोठे आहे हे दाखवील. आत जाण्याचे काम दीप हाती असलेल्या माणसाचेच राहील. येत्या परीक्षेच्या हंगामात आम्लपित्ताची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला औषधाची पुडी देण्यापूर्वी आपण सर्वांनी एकदा विचारावे, "बेटा, झोप येते का ?" आम्ही हा प्रश्न तीन भेटींनंतर विचारला होता. वाचकांनी तो पहिल्याच भेटीत विचारावा, एवढीच प्रार्थना.